डायब्लो २ रीसरेक्टेडमधला रीस्पेक: अकाराकडचे तीन आणि पुढचे मेहनतीचे

२०१० च्या १.१३ पॅचआधी (पॅच म्हणजे गेमचं अपडेट) डायब्लो २ मध्ये स्किल किंवा स्टॅटचे (स्ट्रेंग्थ, व्हायटॅलिटी वगैरेंचे) पॉइंट चुकले की कॅरेक्टर पहिल्यापासून उभं करावं लागे. त्या पॅचने आणलेली रीस्पेकची, म्हणजे टाकलेले पॉइंट परत घेऊन नव्याने वाटण्याची सोय २०२१ च्या रीसरेक्टेड या नव्या आवृत्तीतही कायम आहे, आणि मालिकेतल्या सगळ्या पद्धतींत मला हीच सर्वांत पटते. चूक सुधारता येते, पण पॉइंट टाकताना विचार करावाच लागतो.

डेन ऑफ ईव्हिल ही पहिली क्वेस्ट पुरी केली की गावातली अकारा एक रीसेट देते. नॉर्मल, नाइटमेअर आणि हेल या तीन काठिण्यपातळ्या मिळून तीन. न वापरलेला रीसेट बुडत नाही, त्यामुळे पहिला लगेच उडवू नका. सॉर्सरेस या जादूगार कॅरेक्टरला ब्लिझर्ड हा बर्फाचा मंत्र २४ व्या लेव्हलला मिळतो. तोवर फायर बॉलवर भागवा आणि मग अकाराकडे जा. स्किल आणि स्टॅट दोन्ही मोकळे होतात, क्वेस्टचे पॉइंटही परत मिळतात. एकच स्किल काढून घेता येत नाही, ही मात्र खटकणारी उणीव.

फसगत होते ती स्ट्रेंग्थमध्ये. स्पिरिट हा रूनवर्ड (रून बसवून बनणारी वस्तू) बनवलेल्या मोनार्क ढालीला १५६ स्ट्रेंग्थ लागते आणि सॉर्सरेसची मूळ स्ट्रेंग्थ १०. ॲनिहिलस आणि टॉर्च हे चार्म (इन्व्हेंटरीत नुसते ठेवले तरी फायदा देणाऱ्या वस्तू) दोन्ही +२० स्टॅटचे असतील तर ११६ वर काम भागतं, म्हणजे १०६ पॉइंट टाकायचे. पण टॉर्च दुसऱ्या कॅरेक्टरला दिला की ढाल लाल होते, म्हणजे वापरता येत नाही, आणि स्पिरिटचे +२ स्किल्सही जातात. म्हणून कायम जवळ राहणारेच चार्म हिशोबात धरा, ते इन्व्हेंटरीत ठेवून ढालीचा लाल रंग जाईपर्यंत एकेक पॉइंट टाका. उरलेले व्हायटॅलिटीत.

अकाराकडचे तिन्ही रीसेट संपले की टोकन ऑफ ॲब्सोल्यूशन, म्हणजे रीसेट देणारी वस्तू. हेलमध्ये बॉसकडून पडणारे चार एसेन्स जमवायचे: अँडॅरिएल किंवा ड्युरिएल, मेफिस्टो, डायब्लो आणि बाल यांच्याकडून एकेक. होराड्रिक क्यूब या वस्तू एकत्र करणाऱ्या पेटीत चारही घालून टोकन बनवा आणि त्यावर राइट क्लिक करा. ड्युरिएलची खरी कबर शोधण्यात वेळ जातो, अँडॅरिएलच बरी. बालपर्यंत पोचायला त्याच्या सिंहासनाच्या दालनात (थ्रोनमध्ये) येणाऱ्या राक्षसांच्या पाच लाटा माराव्या लागतात, तेव्हा पब्लिक बाल रनमध्ये, म्हणजे इतर खेळाडू मिळून बालला मारतात त्या ऑनलाइन गेममध्ये शिरा. तिथे जमिनीवर पडलेलं सगळ्यांचंच असतं, एसेन्स दिसताक्षणी उचला आणि शेअर्ड स्टॅशमध्ये (तुमच्या सगळ्या कॅरेक्टरना सामाईक असलेल्या पेटीत) टाका.