जीमेलच्या रोजच्या सोयी: दिलेला शब्द पाळायला कोणती कामाला येते?

जीमेलमधली सगळ्यात उपयोगाची सोय म्हणजे स्नूझ, म्हणजे मेल तात्पुरता बाजूला ठेवून ठरवलेल्या वेळी परत वर आणणं, आणि नेमकी तीच फार थोडे लोक वापरतात. ‘तिला सांगितलं की काम होतं’ असं ऑफिसात एखादीबद्दल बोललं जातं ते दोन गोष्टींवरून: विचारलेल्याचं उत्तर येतं का, आणि सांगितलेल्या दिवशी काम हातात पडतं का. फुकटच्या खात्यात मिळणाऱ्या सोयी इथे याच दोन कसोट्यांवर तपासल्या आहेत.

मेल उघडून ‘नंतर बघू’ म्हणून सोडला की त्याची ठळक अक्षरं जातात, वर नवे मेल येत राहतात आणि दुसऱ्या दिवशी तो नजरेआड होतो. आपल्या मनात हलगर्जी नसते, पण पाठवणाऱ्याला फक्त शांतता दिसते. म्हणून मेल वाचताच आधी पोच द्यावी: ‘मेल मिळाला. तिमाहीचे आकडे लेखा विभागाकडून घ्यावे लागतील. गुरुवारी दुपारी चारपर्यंत पाठवते.’ मग त्याच मेलवरच्या घड्याळाच्या चिन्हावर जाऊन तो बुधवारी सकाळी परत येईल असा स्नूझ करावा. गुरुवारचा नको. कबूल केलेल्या दिवशीच मेल वर आला तर माफी मागण्यापुरताच वेळ उरतो. बुधवारी आला तर आकड्यांसाठी पाठपुरावा करता येतो, किंवा ‘आकडे अजून हातात नाहीत, शुक्रवारी अकरापर्यंत देते’ असं आदल्या दिवशीच कळवता येतं. आधी कळलं तर समोरचा आपलं काम पुढेमागे करू शकतो. मुदत टळल्यावर सांगितलेलं तेच कारण सबब वाटतं.

स्नूझचा धोका एकच, पण मोठा आहे. पोच न देता स्नूझ केलं तर मेल फक्त आपल्यापासून लपतो, समोरच्यासाठी काहीच घडलेलं नसतं. आणि एकच मेल तिसऱ्यांदा पुढे ढकलावा लागला तर अडचण वेळेची नाही. ते काम नाकारायला हवं किंवा दुसऱ्याकडे द्यायला हवं, आणि तसं स्पष्ट लिहायला हवं.

अनडू सेंड 2015 पासून नेहमीच्या सेटिंग्जमध्ये आहे. गेलेला मेल ते परत आणत नाही, पाठवायचा मेल काही सेकंद रोखून धरतं आणि तेवढ्यात तो रद्द करता येतो. पर्याय 5, 10, 20 आणि 30 सेकंदांचे आहेत आणि मुळात 5 सेकंद लावलेले असतात. चुकीचं नाव लक्षात यायला ते पुरत नाहीत, म्हणून 30 करावेत. ब्राउझरमध्ये दातेरी चाकाच्या चिन्हावरून सगळ्या सेटिंग्ज उघडा, जनरलमध्ये आकडा बदला आणि पान खालपर्यंत नेऊन ‘सेव्ह चेंजेस’ दाबा. ते बटण दाबायचं राहिलं तर बदल टिकत नाही. त्याच पानावर ‘रिप्लाय’ आणि ‘रिप्लाय ऑल’ यांतला आपोआप येणारा पर्याय निवडता येतो. तो ‘रिप्लाय’वरच असू द्यावा. चार ओळींचं खासगी उत्तर चाळीस जणांना गेलं की 30 सेकंदही अपुरे पडतात.

खरा बचाव मात्र क्रमात आहे. आधी फाइल जोडा, मग मजकूर, मग विषय आणि पत्ता सगळ्यात शेवटी. दोन अक्षरं टाइप केली की जीमेल नाव सुचवतं, आणि सारख्या नावाच्या भलत्याच माणसाला मेल जातो तो इथेच. पत्त्याची जागा रिकामी असेल तर अर्धवट मेल चुकूनही जात नाही.

फाइल 25 एमबीपेक्षा मोठी असेल तर ती ड्राइव्हची (गूगलच्या ऑनलाइन साठवणीची) लिंक होऊन जाते. परवानगी दिलेली नसेल तर समोरच्याला फाइलऐवजी परवानगी मागणारं पान दिसतं, तेही बहुधा ऐन मीटिंगमध्ये. ज्यांना मेल पाठवतोय त्यांची नावं शेअरिंगमध्ये घातली आहेत ना, हे आधीच पाहावं. ‘लिंक असलेल्या कोणालाही’ हा पर्याय सोपा आहे, पण मेल पुढे कोणाकडे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. गोपनीय कागदांसाठी तो वापरू नये.

2019 मध्ये आलेलं शेड्यूल सेंड, म्हणजे मेल ठरवलेल्या वेळी आपोआप पाठवायची सोय, रात्री काम करणाऱ्यांसाठी उत्तम आहे. रात्री अकराला लिहिलेला मेल सकाळी नऊला गेला की हाताखालच्या माणसाला रात्रीच उत्तर द्यायचं दडपण येत नाही. उणीव अशी की ठरवलेल्या मेलमध्ये बदल करायचा तर तो आधी रद्द करावा लागतो. मग तो ड्राफ्ट होतो, आणि पुन्हा वेळ लावायची राहून गेली तर तिथेच पडून राहतो. शिवाय रात्रीत परिस्थिती बदलली तरी मेल जायचा तो जातोच, म्हणून सकाळी ‘शेड्यूल्ड’वर एक नजर टाकावी.

‘उत्तर द्यायचं का?’ अशी आठवण जीमेल स्वतःहूनही करतं. पण कोणत्या मेलची करायची ते तेच ठरवतं. त्यावर विसंबू नये.

रजेचा आपोआप जाणारा मेल बहुतेक जण एका ओळीत उरकतात. त्यात तीन गोष्टी हव्यात: परत येण्याची तारीख, तोवर कोणाला विचारायचं, आणि कोणत्या कामासाठी. ज्याचं नाव देतोय त्याला आधी विचारलेलं असावं, आणि चालू कामांची माहिती त्याच्याकडे पोचलेली असावी. एकदा हे उत्तर मिळालेल्या माणसाने पुन्हा मेल केला तर साधारण चार दिवसांनीच हे उत्तर परत जातं, म्हणून सगळं पहिल्याच मेलमध्ये यायला हवं. शेवटची तारीख जरूर भरावी. नाही तर हा मेल आपण परतल्यावरही जात राहतो, आणि समोरच्याला आपलं ताजं उत्तर आणि ‘रजेवर आहे’ असा मेल एकाच सकाळी मिळतात.