लिरिक्सट्रेनिंग: नववीच्या वर्गातला अनुभव
गाण्याचा व्हिडिओ ऐकत ओळींतील गाळलेल्या जागा भरायच्या आणि शब्द वेळेत भरला नाही तर गाणे तिथेच थांबते, अशी गाण्यांतून भाषा शिकवणाऱ्या लिरिक्सट्रेनिंग या संकेतस्थळाची (आताचे नाव लिंगोक्लिप) साधी रचना आहे; सर्वांत अवघड पातळीवर तर सगळेच शब्द गाळलेले असतात. सगळीच गाणी वर्गात लावण्याजोगी नसल्याने ती मी आधी घरी ऐकतो. ‘थ्रू’ आणि ‘थ्रो’ या इंग्रजी शब्दांतला फरक फळ्यावर दहादा लिहूनही मराठी माध्यमातल्या माझ्या मुलांच्या कानात शिरत नव्हता. तीनदा अडलेल्या एकाच ओळीने तो पक्का केला. अर्थ मात्र शिक्षकालाच समजावून द्यावा लागतो, आणि ‘वॉना’, ‘गॉना’ (म्हणजे ‘वॉन्ट टू’, ‘गोइंग टू’) ही बोलण्यातली रूपे निबंधांत उतरू लागली तेव्हा मला लाल पेन पुन्हा हाती घ्यावे लागले.