ओला अंगठा आणि माझे ४६,५०० रुपये

लाज वाटत होती म्हणून चार महिने गप्प होतो. शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली, आणि मलाच छापील कापड हाताने रंगवलेलं म्हणून ४६,५०० रुपयांना विकलं. हसायचं त्यांनी हसून घ्या.

डिसेंबरात आम्ही दोघं राजस्थानात नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींच्या, म्हणजे बाळकृष्णाच्या, दर्शनाला गेलो होतो. राजभोगाच्या, म्हणजे दुपारच्या नैवेद्याच्या दर्शनाच्या, गर्दीत मूर्तीमागची पिछवाई, म्हणजे मागे टांगलेला चित्रांचा कापडी पडदा, क्षणभरच दिसली, पण डोळ्यांपुढून हलेना. परतताना उदयपूरला ड्रायव्हरने ‘फक्त बघायला’ म्हणून एका दुकानाशी गाडी थांबवली. त्याचं कमिशन असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण बाहेर थंडी, आत गरम चहा, गादीवर बसवलेलं, आणि पुढ्यात उलगडत जाणारी गोपाष्टमीची पिछवाई. मधे डावा हात उंचावलेले श्रीनाथजी, खाली माना वर करून बघणाऱ्या गाई, अंगावर पंजाचे केशरी ठसे. मी विरघळलो.

म्हणे १२० वर्षं जुनी, हवेलीतून उतरवलेली. किंमत सांगितली ६२,०००. आता कळतं की शंभर वर्षांपुढचं चित्र कायद्याने पुरावशेष ठरतं आणि ते विकायला परवाना लागतो; १९७२चा कायदा आहे. तेव्हा कोणी ‘शंभर वर्षं जुनं’ म्हणालं की आधी परवाना मागा. चेहरा बघण्यासारखा होतो.

मग तो क्षण. मालकाने अंगठा पाण्यात बुडवला आणि गाईच्या पाठीवर खसाखसा घासला. “देखिए मास्टरजी, असली रंग है, छूटेगा नहीं.” अंगठा कोरा. बायको म्हणाली, “बघा, पक्का रंग आहे.” मीही मान डोलावली.

मान डोलावली! पिछवाईचे पारंपरिक रंग म्हणजे हिंगूळ (लाल), हरताळ (पिवळा), नीळ, काजळ. सगळे डिंकात खललेले. डिंक पाण्यात विरघळतो, हे मी दरवर्षी पाचवीच्या पोरांना सांगत आलो. खळ दिलेलं कापड हकीकाच्या दगडाने कितीही घोटा, ओल्या अंगठ्याने घासलं तर थोडा तरी रंग उचलणारच. अंगठा कोरा राहिला, हाच पुरावा होता. तो माझ्या डोळ्यांसमोर धरला होता आणि मी त्यालाच खरेपणाची खूण समजलो. रात्री अजून तो अंगठा दिसतो.

दुसऱ्या गठ्ठ्यातली पिछवाई अर्धी उलगडली तेव्हा तिच्यातही त्याच गाईच्या शिंगापाशी तोच काळा थेंब होता. विचारलं, तर म्हणाला खाका, म्हणजे रेषा उतरवून घ्यायचा कागद, एकच. खाक्याने रेषा सारख्या येतात हे खरंच आहे, म्हणून पटलं. पण सांडलेला थेंब कुठल्या खाक्यात असतो?

१०,००० रोख, ३६,५०० यूपीआयने. बिलावर ‘हस्तकला वस्तू, नग १’. बस्स. बिलावर ‘हाताने रंगवलेली’ हे शब्द आणि रंग कुठले ते लिहून घ्या. लिहायला कां-कू केली तर चपला घाला आणि निघा. भिंतीवर जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, कागद होता म्हणून मी गाफील राहिलो. नाथद्वारा पिछवाईला २०२३ मध्ये ते मानांकन मिळालंय खरं, पण ते कलेला. दुकानदाराला विचारा, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी कुठंय?

घरी आल्यावर फ्रेमवाल्याने भिंग लावलं आणि न बोलता माझ्या हातात दिलं. आकाशात निळे, गुलाबी, पिवळे ठिपके. फक्त दागिन्यांवर वरून सोनेरी रंग फिरवलेला. “सर, एवढं छापायला दोन-अडीच हजार लागतात.” भिंग शंभर रुपयांत मिळतं. खिशात ठेवा.

दुकानदाराने फोन उचलणं बंद केलं. पोलीस ठाण्यात गेलो. “काका, दुकानात तुम्हीच गेलात, पैसे तुम्हीच दिलेत, यात फसवणूक कुठे? आणि तक्रार राजस्थानात करा.” म्हणजे ४६,५०० गेले ते गेले, वर उदयपूरचं भाडं! हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यायची, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. कागद दाखवला तर म्हणाले साहेब बंदोबस्ताला गेलेत. तीन वेळा साहेब बंदोबस्तालाच. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन केला, तर म्हणे हा सायबरचा प्रकार नाही. बँकेत गेलो, तर पिन तुम्हीच टाकलात. सगळ्यांचं म्हणणं एकच, चूक माझी. ती मला ठाऊक आहे हो! पण चोर कोण, हे कोणी लिहून घेईल का?

शेवटी एका वकील विद्यार्थ्याने सांगितलं, ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा टाकता येतो, ५ लाखांपर्यंत फी नाही. टाकलाय. रोख दहा हजारांची पावती नाही म्हणून दावा ३६,५०० चाच. रोख देऊ नका.

बायको म्हणते, छापील असले तरी श्रीनाथजीच आहेत, लावा भिंतीवर. मी गुंडाळी कपाटामागे ठेवलीय. आयोगात पुरावा म्हणून लागेल.