जँगो डीबग टूलबार: वारशाच्या मॉडेलांमागच्या क्वेऱ्या दाखवणारे साधन

जँगो या पायथनमधील वेब फ्रेमवर्कमध्ये मॉडेलांचा (डेटाबेसच्या टेबलांशी जोडलेल्या क्लासांचा) वारसा, म्हणजे एका मॉडेलवरून दुसरे घडवणे, तीन प्रकारे मांडता येतो. त्यांपैकी ॲबस्ट्रॅक्ट (मूळ मॉडेलला टेबल नसते) आणि प्रॉक्सी (वारसाला वेगळे टेबल नसते) हे प्रकार सहसा त्रास देत नाहीत. मूळ मॉडेल आणि वारस या दोघांनाही स्वतंत्र टेबल देणारा मल्टी-टेबल वारसा मात्र पायथनच्या कोडमध्ये निरुपद्रवी दिसतो आणि सगळा भार डेटाबेसवर टाकतो. हा भार नेमका कुठून येतो हे शोधायचे असेल, तर डीबग टूलबार हे विनामूल्य पॅकेज केवळ त्यातील, पान बनवताना डेटाबेसकडे गेलेल्या क्वेऱ्या (डेटाच्या मागण्या) दाखवणाऱ्या एसक्यूएल पॅनेलसाठी बसवले तरी पुरे, असे माझे मत आहे.

समजा, ग्रंथालयाच्या प्रणालीत ‘साहित्य’ हे मूळ मॉडेल असून ‘पुस्तक’ आणि ‘नियतकालिक’ हे त्याचे वारस आहेत. ‘साहित्य’वर क्वेरी केल्यास फक्त मूळ मॉडेलचे ऑब्जेक्ट हाती येतात, आणि टेम्प्लेटमधील (पानाच्या साच्यातील) लूपमध्ये प्रत्येकाचे ‘पुस्तक’ मागितले की दर नोंदीमागे एक वेगळी क्वेरी जाते. नोंद पुस्तकाची नसेल तर उठणारे एक्सेप्शन (त्रुटी) टेम्प्लेट मुकाट्याने गिळते, त्यामुळे पान व्यवस्थित दिसते आणि कोणाला शंकाही येत नाही. पॅनेलमध्ये मात्र 50 नोंदींच्या यादीसाठी 51 क्वेऱ्या ओळीने दिसतात, त्यांतील 50 एकसारख्या असल्याची खूण असते, आणि त्यांपैकी एक उघडली की स्टॅक ट्रेसबरोबर (ती क्वेरी कोडमधील कोणत्या ओळींतून गेली त्या यादीबरोबर) टेम्प्लेटमधील जबाबदार ओळही समोर येते. मूळ क्वेरीला, संबंधित टेबलांतील नोंदीही सोबतच आणणारे सिलेक्ट_रिलेटेड लावून दोन्ही वारसांची नावे दिली की लेफ्ट आउटर जॉईन (जोडीची नोंद नसली तरी मूळ नोंद राखणारी टेबलांची जोडणी) असलेली एकच क्वेरी उरते.

ऑर्डरिंगचा, म्हणजे नोंदींच्या क्रमाचा, घोळही येथेच उघडा पडतो. मूळ मॉडेलच्या मेटा या सेटिंगच्या भागातील ऑर्डरिंग वारसालाही लागू होत असल्याने, ‘पुस्तक’च्या स्वतःच्या टेबलातील एखादाच कॉलम व्हॅल्यूज या मेथडने मागितला तरी मूळ टेबलाशी जॉईन होतो, वारसाच्या मेटामध्ये ऑर्डरिंगची रिकामी यादी दिल्यावर तो नाहीसा होतो.

उणिवाही आहेत. जॉईन का झाला हे पॅनेल सांगत नाही. त्यासाठी वारशामागे वन-टू-वन नाते (एका नोंदीला दुसऱ्या टेबलातील एकच नोंद) असते हे वापरणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते. डॉकरमध्ये (ॲप कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनात) आयपीच्या सेटिंगमुळे टूलबार पुष्कळदा दिसतच नाही. शिवाय तो एचटीएमएल पानातच उमटत असल्याने पानाऐवजी निव्वळ जेसन स्वरूपातील डेटा देणाऱ्या एपीआयसाठी गैरसोयीचा ठरतो. तेथे टेस्टमध्ये असर्टनमक्वेरीज ही क्वेऱ्या मोजणारी तपासणी वापरून क्वेऱ्यांची संख्या बांधून घेणे अधिक भरवशाचे आहे.