चार फुटी समुद्री टाकीखालचे रेफ्युजियम: ठाण्यातील एका दुकानाच्या कामाचे नऊ महिन्यांनंतरचे परीक्षण

घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या सदनिकेत चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी सहा वर्षांपासून आहे. गेल्या मे महिन्यात तिच्या खालच्या कपाटात ठाण्यातील एका मत्स्यालयाच्या दुकानाकडून रेफ्युजियम, म्हणजे शैवाल वाढवण्याचा वेगळा कप्पा, बसवून घेतले. माप घेणे, काचेचा संप (वरच्या टाकीतले पाणी ज्यात उतरते ती खालची टाकी) बनवणे, नळजोडणी, दिवा आणि शैवालाचा पहिला गुंता असे सगळे मिळून साडेचौदा हजार रुपये झाले. दुकानाचे नाव देत नाही, कारण पुढे ज्या चुकीविषयी लिहिले आहे ती त्यांनी स्वखर्चाने सुधारून दिली, आणि केवळ ती चूकच त्यांच्या नावाला चिकटून राहावी अशी माझी इच्छा नाही. (‘संप’ हा शब्द आमच्या आईला अजून पटलेला नाही, टाकीचा संप सुरू झाला म्हटले की ती एसटी बंद आहे का, असे विचारते.)

माझ्या टाकीत प्रवाळ नाहीत. कठीण प्रवाळांच्या सर्व जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून मी खडकही भाजलेल्या सिरॅमिकचेच ठेवले आहेत. मासे मात्र खादाड आहेत. दोन क्लाउनफिश, तीन डॅमसेल आणि एक फॉक्सफेस यांना दिवसातून दोनदा खायला घातल्यावर माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारे नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली येत नव्हते, आणि दर आठवड्याला पाणी बदलायचे म्हणजे टँकरचे पाणी आरओ-डीआय या शुद्धीकरण यंत्रातून गाळत बसायचे. रेफ्युजियममध्ये शैवाल मुद्दाम वाढू दिले जाते. ते वाढताना पाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून घेते, आणि आपण त्यातले मूठभर उपटून बाहेर टाकले की ते कायमचे टाकीबाहेर जातात. उपटायचा कंटाळा केला तर या सगळ्याचा काही उपयोग नाही, ही गोष्ट दुकानाने आधीच स्पष्ट सांगितली, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

काचकाम उत्तम आहे. तीस इंच लांब, चौदा इंच रुंद आणि सोळा इंच उंच अशा संपात पहिल्या कप्प्यात फिल्टरची पिशवी व स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र), मधल्या बारा इंचांत रेफ्युजियम आणि शेवटी पाणी वर पाठवणारा परतीचा पंप अशी मांडणी आहे. पाण्याची पातळी नऊ इंच धरली, तर मधल्या कप्प्यात सुमारे २५ लिटर पाणी मावते, म्हणजे टाकीतल्या पाण्याचा साधारण दहावा भाग. कारागिराने सिलिकॉन लावण्यापूर्वी दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून कडा सरळ ओढल्या होत्या, आणि शैवालाचे तुकडे पंपात जाऊ नयेत म्हणून निघतीच्या खाचेवर प्लॅस्टिकची जाळी न सांगता बसवून दिली. तळाला वाळूचा जाड थर घालण्याचा त्यांचा आग्रह मी मानला नाही. घाण साचली तर ती नळीने ओढून घेता यावी, म्हणून तळ मोकळाच ठेवला, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

आता चुकीविषयी. जोडणी झाल्यावर मी तंत्रज्ञाला विचारले होते की वीज गेली तर वरचे पाणी खाली मावेल का. त्याने पंप जेमतेम अर्धा मिनिट बंद केला, पाणी दोनेक इंच चढलेले दाखवले आणि म्हणाला, “काही होत नाही साहेब, एवढी जागा भरपूर आहे.” परतीच्या नळाचे तोंड त्याने वरच्या टाकीत पाण्याखाली चार इंचांवर सोडले होते, आणि त्यातला धोका मला त्या वेळी कळला नाही. पंप थांबला की हाच नळ सायफनसारखा उलटा वाहू लागतो आणि त्याचे तोंड उघडे पडेपर्यंत वरची टाकी उपसत राहतो. माझ्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर. चार इंचांचे झाले सुमारे ५७, आणि संपात मोकळी जागा होती ४८ लिटरची. हा हिशेब कागदाच्या कपट्यावर दोन मिनिटांत झाला असता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाच्या पावसात रात्री वीज गेली. पहाटे आई पाणी भरायला उठली तेव्हा बैठकीच्या खोलीत तिच्या चपला चपचप वाजू लागल्या. दहा-बारा लिटर खारे पाणी फरशीवर होते, कपाटाचे प्लायवूड खालच्या कडेने फुगले होते आणि सगळ्यात वाईट म्हणजे विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड त्याच कपाटाच्या तळाशी आडवा पडला होता. वीज आलेली नव्हती म्हणून निभावले. त्याच दिवशी दुपारी दुकानाचा माणूस आला, त्याने नळाचे तोंड पृष्ठभागापासून अर्ध्या इंचावर आणले, हवा शिरण्यासाठी नळाला पाण्याच्या रेषेलगत लहान भोक पाडले आणि बोर्ड भिंतीवर उंच ठोकून दिला. आता वीज गेली तर जेमतेम सात-आठ लिटर खाली येतात. ते भोक शेवाळाने बुजते, म्हणून दर रविवारी मी त्यात टूथपिक फिरवतो. फुगलेल्या प्लायवूडचे पैसे मात्र मी मागितले नाहीत आणि त्यांनीही तो विषय काढला नाही.

शैवालाच्या निवडीवरून आमचा थोडा वाद झाला. त्यांना कॉलेर्पा द्यायचे होते, तेही फुकट. ते दिसायला देखणे असते, पण कधीकधी एका रात्रीत आपले सगळे सत्त्व पाण्यात सोडून पांढरे पडते आणि टाकी दुधाळ होते. शिवाय त्याच्या एका जातीने बाहेर जाऊन काय केले ते सर्वांना ठाऊक आहे: १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली सापडलेला तिचा लहानसा पुंजका पुढे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर दूरवर पसरला. ठाण्याची खाडी आमच्यापासून फार लांब नाही. म्हणून आठशे रुपये देऊन कीटोमॉर्फा घेतले, जे नायलॉनच्या हिरव्या घासणीसारखे दिसते आणि कशाला न चिकटता नुसते तरंगते. उपटलेले शैवालही मी बेसिनमध्ये किंवा नाल्यात सोडत नाही. गोड्या पाण्यात दोनदा खळबळून ओल्या कचऱ्यात टाकतो.

अठरा वॅटचा जांभळट दिवा मी रात्री दहा ते सकाळी आठ चालवतो, म्हणजे महिन्याला साडेपाच युनिटच्या आसपास. वरच्या टाकीचे दिवे बंद असताना खालचे शैवाल कार्बन डायऑक्साइड शोषत राहते, त्यामुळे रात्रीची पीएचची घसरण कमी झाली. पूर्वी पहाटे ७.८ दिसे, आता ८.० ते ८.१ दिसते. दहा आठवड्यांत नायट्रेट ४० वरून १० पीपीएमवर आले. मला त्याहून जास्त आनंद देणारी गोष्ट वेगळीच आहे. मध्यरात्री त्या कप्प्याच्या काचेवर विजेरी धरली, की रव्याचे दाणे झटके देत चालू लागावेत तसे कोपेपॉड नावाचे इवले जलचर दिसतात, आणि त्यांतले काही पंपातून वर गेले की डॅमसेल त्यांच्यावर तुटून पडतात.

नोव्हेंबरमध्ये शैवालाची वाढ थांबून ते फिकट पडले. दुकानाने फोनवर लोहाची बाटली घ्यायला सांगितले, ती मी घेतली, आणि तीन आठवड्यांत काहीही फरक पडला नाही. शेवटी फॉस्फेट मोजले तर ते शून्य निघाले. जुने फॉस्फेट शोषणारे माध्यम मी रेफ्युजियम बसवल्यावरही काढायला विसरलो होतो, आणि शैवाल उपाशी होते. ते काढल्यावर पंधरा दिवसांत हिरवेपणा परतला. हा दोष माझाच, पण बाटली विकण्याआधी एक चाचणी करायला सांगणे त्यांना अवघड नव्हते.

काचकामाला दहापैकी नऊ, नळजोडणीला पाच, विक्रीनंतरच्या सल्ल्याला चार असे माझे गुण आहेत. तरीही पुढच्या महिन्यात वाशीला मेहुण्याच्या टाकीखाली याच दुकानाकडून काम करून घ्यायचे ठरले आहे. या वेळी सगळे भरून झाल्यावर पंपाचा स्विच मी स्वतः बंद करणार, पाणी उतरायचे थांबेपर्यंत तिथे चहा पीत बसणार आणि मगच उरलेली रक्कम देणार, हे त्यांना आधीच कळवले आहे.