शेपटीवाली विशेषणं : सात महिन्यांच्या वापरानंतर

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. शाळा मराठी माध्यमाची आणि आता दिवसाला दोन-तीन रिपोर्ट इंग्रजीत. जानेवारीत एका रिपोर्टात लिहिलं, 'द कन्सर्न्ड इंजिनिअर हॅज बीन इन्फॉर्म्ड'. परदेशातल्या ग्राहकाचा उलट मेल : त्याला काळजी कसली वाटतेय? 'संबंधित' या अर्थाने आपल्याकडे हे सर्रास चालतं, पण त्यांच्या कानाला नामाआधीचा 'कन्सर्न्ड' म्हणजे काळजीत पडलेला. संबंधित म्हणायचं तर 'द इंजिनिअर कन्सर्न्ड'.

त्या दिवशी अ‍ॅडजेक्टिव्ह फ्रेज, म्हणजे विशेषण आणि त्याला जोडून येणारे शब्द, पहिल्यापासून शिकायला घेतली. क्लास नाही, अ‍ॅप नाही. रोज इंग्रजी पेपरातला एक परिच्छेद घ्यायचा, मुख्य विशेषणाला पेन्सिलने गोल करायचा आणि त्याला चिकटून आलेल्या सगळ्यासकट चौकट आखायची. 'व्हेरी प्राउड ऑफ हिज सन' यात गोल 'प्राउड'ला. 'व्हेरी' किती ते सांगतो, 'ऑफ हिज सन' कशाबद्दल ते सांगतं. या मागच्या भागाला मी शेपूट म्हणतो. शेपटं मुख्यतः तीन तऱ्हेची सापडली : 'फाँड ऑफ टी', 'रेडी टू लीव्ह', 'शुअर दॅट इट विल फिट'.

पहिले दोन महिने मात्र व्याख्येनेच डोकं खाल्लं. शाळेत शिकलो होतो की विशेषणाचं काम करणारा कुठलाही शब्दसमूह म्हणजे अ‍ॅडजेक्टिव्ह फ्रेज, म्हणून 'अ मॅन ऑफ ग्रेट वेल्थ' मधला 'ऑफ ग्रेट वेल्थ'सुद्धा त्यातच. पण क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या १९८५ च्या जाडजूड इंग्रजी व्याकरणासारखी नवी व्याकरणं मुख्य शब्द बघतात. 'ऑफ ग्रेट वेल्थ'ची सुरुवात 'ऑफ' या प्रीपोझिशनने आहे, म्हणजे ती प्रीपोझिशनल फ्रेज. काम विशेषणाचं केलं म्हणून जात बदलत नाही. मला दुसरी व्याख्या पटली. परीक्षा देणाऱ्यांनी आपल्या अभ्यासक्रमात कोणती आहे ते आधी बघावं, उगाच मार्क घालवू नयेत.

खरी कमाई शेपटाची. शेपूट नसेल तर विशेषण नामाआधी खुशाल बसतं : 'अ प्राउड फादर'. शेपूट आलं की ते सगळं बिऱ्हाड नामानंतर जातं : 'अ फादर प्राउड ऑफ हिज सन'. आपण 'मुलाचा अभिमान असलेला बाप', 'मोजायला अवघड पार्ट' म्हणतो. मराठीत सगळं सामान नामाच्या आधीच लादता येतं. इंग्रजीत एक तर 'अ पार्ट डिफिकल्ट टू मेझर', नाहीतर फोड करून 'अ डिफिकल्ट पार्ट टू मेझर', म्हणजे विशेषण नामाच्या अलीकडे आणि शेपूट पलीकडे. ही फोड अंगवळणी पडायला मार्च उजाडला.

वर्क इन्स्ट्रक्शन लिहिताना आणखी एक उपयोग झाला. 'कीप द गेज ड्राय' म्हणजे गेज (मोजमापाचं साधन) कोरडं राहील असं बघा. 'कीप द ड्राय गेज' म्हणजे कोरडं आहे ते गेज ठेवून घ्या. पहिल्या वाक्यात 'ड्राय' नामाला सजवत नाही, गेज कोणत्या अवस्थेत हवं ते सांगतं. 'इज', 'सीम्स' नंतर येणाऱ्या विशेषणांनी त्रास दिला नाही, ते मराठीसारखंच आहे.

तक्रारी आहेत. 'असलीप', 'अफ्रेड' नामाआधी बसत नाहीत, 'मेन', 'मिअर' नामाआधीच बसतात. चौकटी आखून हे कळत नाही, पाठच करावं लागतं. 'इनफ' किती ते सांगतो, पण बसतो विशेषणानंतर : 'गुड इनफ'. 'टायर्ड', 'ब्रोकन' असे शब्द आले की पेन्सिल अडते, हे विशेषण की क्रियापदाचं रूप? आधी 'व्हेरी' लावून बघायचा, बसला तर विशेषण, ही युक्ती 'टायर्ड'ला लागू पडते, 'ब्रोकन'ला नाही. आणि रोजची वीस मिनिटं जातात, ती वेगळीच.

रिपोर्ट आता प्रश्नांशिवाय पास होतात. आमच्या फॉर्मवरचा रकाना मात्र अजून 'रिस्पॉन्सिबल पर्सन' असाच छापलेला आहे. ज्याच्यावर काम सोपवलंय तो 'पर्सन रिस्पॉन्सिबल'. छापलंय त्याचा अर्थ भरवशाचा माणूस असाही निघतो. त्या रकान्यात बहुतेक वेळा माझंच नाव असतं, म्हणून मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.