इन्स्टाग्राम की यूट्यूब? अ‍ॅफिलिएट लिंकसाठी माझा कौल

कोथरूडच्या घरातून मी स्वयंपाकाच्या भांड्यांबद्दल बोलते; कुणी माझ्या लिंकवरून खरेदी केली की कमिशन मिळतं.

इन्स्टाग्रामवर रील झपाट्याने पसरते. तुळशीबागेत बिडाचा तवा पारखतानाची रील लोक मनापासून बघतात, पण कॅप्शनमधली लिंक दाबताच येत नाही. बायोत लिंक पाचच, आणि स्टोरीतली २४ तासांत जाते.

यूट्यूबवर जम बसायला वेळ लागतो, खरंच लागतो. पण तिथे माणूस शोधत येतो: नवा बिडाचा तवा तेल लावून, तापवून वापरासाठी कसा तयार करायचा, भाकरी का चिकटते. असा व्हिडिओ जुना होत नाही. खात्याची पडताळणी झाली की डिस्क्रिप्शनमधली लिंक थेट उघडते (शॉर्ट्सवर ती सोय २०२३ पासून बंद आहे). अ‍ॅमेझॉनवर क्लिकनंतर २४ तासांत वस्तू कार्टमध्ये गेली तरच कमिशन धरतात. त्यामुळे घ्यायचं ठरवून आलेला प्रेक्षक मला फार मोलाचा वाटतो.

माझी पसंती यूट्यूबलाच. रील करते, पण व्हिडिओकडे बोट दाखवण्यापुरती. आणि दोन्हीकडे सुरुवातीलाच स्पष्ट सांगते, की या लिंकमधून मला पैसे मिळतात.